कुशलच्या आधीचा ‘अ’

माझं अक्षर चांगलं आहे, हे माझ्या आयुष्यातलं एकमेव भांडवल. जिंतूर तालुक्यातल्या आमच्या शाळेत फळ्यावर सुविचार लिहायला मास्तर मलाच उभं करायचे. त्याच अक्षराच्या जिवावर मी गेली एकवीस वर्षं चाकणजवळ महाळुंग्यात मारुतरावांच्या लेबर ऑफिसात हजेरीपुस्तक लिहितो आहे. पगाराच्या पावत्या आता कॉम्प्युटरवर निघतात, पण हजेरीपुस्तक मारुतराव अजून हातानंच लिहून घेतात. कॉम्प्युटरवर त्यांचा विश्वास नाही, माझ्यावर आहे. तो का आहे, ते पुढं कळेलच, आणि त्यात मला मिरवण्यासारखं काही नाही.

मारुतराव इथलेच जुने शेतकरी. त्यांच्या जमिनीवर कंपनी आली तेव्हा त्या कंपनीला माणसं पुरवायचं काम त्यांनी घेतलं. आमची एकशेचाळीस माणसं रोज कंपनीच्या गेटातून आत जातात, कंपनीचे कपडे घालतात, कंपनीचं काम करतात आणि कंपनीची नसतात. ती आमची असतात. म्हणजे माझ्या पुस्तकातली.

पुस्तकात प्रत्येक नावापुढं श्रेणीचा रकाना असतो. त्यात तीनच शब्द बसतात: कुशल, अर्धकुशल, अकुशल. सरकारनं तिघांचा पगार वेगवेगळा ठरवून दिलाय, कुशलचा सगळ्यात जास्त. म्हणून आमच्याकडं एकशेचाळीसच्या एकशेचाळीस अकुशल. एवढी बिनकसबी माणसं एका गावात जमली कशी, असा प्रश्न एखाद्या तपासणीवाल्या साहेबाला पडायला हवा होता. एकवीस वर्षांत एकालाही पडला नाही. साहेब यायचे, चहा घ्यायचे, माझ्या अक्षराचं कौतुक करायचे आणि जायचे.

समाधान माझ्या गावचा. अकरा वर्षांपूर्वी त्याला चाकणला मीच आणलं, तेव्हा त्याची आई सुमनताई माझ्या हातावर शिदोरी ठेवून म्हणाली होती, ‘‘भाऊ, लेकरू तुमच्या पदरात घालायलेय.’’ लेकरू वेल्डिंग शिकून आलं होतं. कंपनीत पातळ स्टीलचे पाइप जोडायचं काम असतं. तिथं हात क्षणभर रेंगाळला की भोक पडतं, घाई केली की जोड कच्चा राहतो. भल्याभल्यांना ते जमत नाही. समाधानचा जोड म्हणजे करंजीची मुरड. सुमनताई दिवाळीत घालते तशी, एकसारखी, एकीवर एक रेललेली. आकुर्डीच्या कॉलेजातून आलेले नवे इंजिनिअर त्याच्या मागं उभे राहून शिकायचे. आणि संध्याकाळी मी त्याच्या नावापुढं लिहायचो, हेल्पर, अकुशल.

वर ब्रेक. सात महिने झाले की माणसाला काढायचं आणि महिनाभरानं नव्या नंबरावर परत घ्यायचं, म्हणजे तो कधी जुना होत नाही आणि कायम करा म्हणत नाही. अकरा वर्षांत समाधानचा असा सोळा वेळा नवा जन्म झाला. सोळाही फॉर्म मीच भरले. ब्रेकमध्ये भेटला की तो हसून म्हणायचा, ‘‘भाऊ, सध्या मी मेलेलो हाव. पुढल्या महिन्यात जन्मतो.’’ त्याला राग यायचाच नाही. मला त्याच्या राग न येण्याचा राग यायचा, पण तोही सोयीचाच होता.

फोनवर त्याचं पहिलं वाक्य ठरलेलं. ‘‘इकडं समदं कुशल. तुमचं?’’ त्याचे वडील पत्रात असं लिहायचे. वडिलांकडून त्याला मिळालेली इस्टेट एवढीच.

गेल्या वर्षी त्याच्या बहिणीला, पिंकीला दिवस गेले. पिंकी न्यूझीलंडमध्ये असते. तिचा नवरा धनेश तिथं दुधाचा टँकर चालवतो. बाळंतपणाला सुमनताईला बोलावलं, पण ती बाई परभणीच्या पलीकडं कधी एकटी गेलेली नाही, ती विमानात काय बसणार? ठरलं, की समाधाननं ब्रेक धरून आईला सोबत करायची. दोघांचेही पाहुण्याचे व्हिसे काढले. त्यासाठी मी त्याला सहा महिन्यांच्या पगाराच्या पावत्या दिल्या आणि ‘हा आमच्याकडं हेल्पर आहे, परत आल्यावर कामावर घेऊ’ असं पत्र दिलं. व्हिसा मिळाला. पाहुणा म्हणून जायला हेल्पर चालतो. पाहुणचार झोडायला कुठं कौशल्य लागतं?

दीड महिन्यानं, दुपारी मी डबा उघडला होता तेव्हा त्याचा फोन आला.

‘‘इकडं समदं कुशल. भाऊ, जरा बसून ऐका.’’

झालं होतं असं. धनेशच्या टँकरच्या टाकीला चीर गेली होती. ती घेऊन तो वर्कशॉपमध्ये गेला, सोबत समाधानला नेलं. तिथला वेल्डर नोकरी सोडून गेला होता आणि टँकर रांगेत उभे होते. मालक वैतागलेला. धनेश म्हणाला, माझा मेव्हणा हेच काम करतो. मालकानं भंगारातले दोन तुकडे पुढं टाकले आणि म्हणाला, दाखव.

‘‘मी जोड मारला. त्यानं चष्मा लावून बघितला. मग बायकोला बोलावलं अन् तिला दाखवला. भाऊ, अकरा वर्षांत मला कुणी असं बोलावून दाखवलं न्हाई.’’

तिथली एक गोष्ट बरी होती. पाहुणा म्हणून आलेल्या माणसाला तिथूनच कामाच्या व्हिसाचा अर्ज करता येत होता. मालक तिथल्या सरकारच्या यादीत असावा लागतो, तो होता. माणसाला त्या कामाचा अनुभव असावा लागतो, तो अकरा वर्षांचा होता. फक्त तो अनुभव कागदावर हवा होता.

‘‘तेवढं पत्र द्या,’’ समाधान म्हणाला. ‘‘जे हाय तेच लिहा. वाढवून नका लिहू.’’

मी लिहिलं. खरं सांगतो, तसं पत्र मी आयुष्यात लिहिलं नव्हतं. हा इसम अकरा वर्षं वेल्डर आहे, अमुक जाडीचा पत्रा, तमुक प्रकारचा पाइप, याच्या हाताखाली एवढे लोक तयार झाले. इंग्रजी माझं बेताचं, शेजारच्या सायबर कॅफेवाल्याकडून दुरुस्त करून घेतलं. मारुतराव कांद्याच्या भावावरून कुणाशी तरी फोनवर भांडत होते. भांडता भांडता त्यांनी सही ठोकली, वाचलं नाही. एकवीस वर्षांत मी पहिल्यांदा कुणाच्या नावापुढं खरं लिहिलं होतं. त्या दिवशी मी घरी जाताना जिलेबी नेली. बायकोनं विचारलं, काय विशेष? मी म्हटलं, काही नाही, खावीशी वाटली.

समाधानची बायको योगिनी निघोज्याच्या रस्त्याला एका खोलीत राहते. तिनं चौथीतल्या मुलीला इंग्रजीची शिकवणी लावली. मग स्वतःही मुलीच्या शेजारी वही घेऊन बसायला लागली. एकदा रस्त्यात भेटली तर म्हणाली, ‘‘भाऊ, तिथं म्हणे दुधाच्या टाक्या आरशासारख्या असतात. आमचे हे म्हणत होते, जोड मारताना तोंड दिसतं.’’ एवढी हसताना मी तिला कधी पाहिली नव्हती.

तीन आठवड्यांनी ऑफिसच्या ईमेलवर पत्र आलं. व्हिसा ऑफिसकडून. भाषा एकदम सभ्य, शिवी नाही की दम नाही. त्यांनी लिहिलं होतं, की या व्यक्तीनं पाहुण्याच्या व्हिसासाठी दिलेल्या तुमच्याच पावत्यांवर हेल्पर, अकुशल असं आहे. आता तुमच्याच पत्रात वेल्डर असं आहे. यातलं खरं कोणतं? दहा दिवसांत कळवावं, आणि हजेरीपुस्तकाची पानं पाठवावीत.

चोराच्या मनात चांदणं. मेल वाचता वाचता मला माझं अक्षर दिसायला लागलं. सोळा जन्मांची पानं, प्रत्येकावर तोच शब्द, वळणदार, शिरोरेषा ताठ. जे खोटं होतं ते अकरा वर्षं सरकारी रकान्यात नीट बसलं होतं, आणि जे खरं होतं ते एकटंच एका पत्रात उभं होतं. परक्या मुलखातला साहेब कशावर विश्वास ठेवेल? मी असतो तरी पुस्तकावरच ठेवला असता.

योगिनीला मी एवढंच सांगितलं, की चौकशी आली आहे, कंपनीनं लिहून दिलं तर बरं होईल. ती दुसऱ्या दिवशी मुलीला शाळेत सोडून कंपनीच्या गेटवर गेली. तीन तास उभी राहिली. शेवटी एक मॅडम बाहेर आल्या आणि कॉम्प्युटरमध्ये बघून आल्याचं सांगत म्हणाल्या, ‘‘या नावाचा माणूस आमच्या रोलवर कधीच नव्हता.’’ गेटवरचा वॉचमन समाधानला ओळखत होता. त्याच्या घरचं लोखंडी गेट समाधाननंच करून दिलं होतं. तो खाली मान घालून वहीत काहीतरी लिहीत बसला, असं योगिनीनं मला सांगितलं. तिनं त्याच्यावर राग धरला नाही. ‘‘त्याला तरी नोकरी टिकवायचीय,’’ म्हणाली.

आता सगळं आमच्या उत्तरावर होतं. मी मेल छापून मारुतरावांपुढं ठेवला आणि काय लिहिलंय ते मराठीत सांगितलं.  त्यांनी मी लिहिलेल्या अनुभवाच्या पत्राची प्रत मागितली आणि स्वतःच्या सहीवर बोट ठेवलं.

‘‘ह्ये माझ्याकडनं कवा सही करून घेतलं?’’

‘‘तुम्ही फोनवर होता तेव्हा.’’

‘‘व्हय. फोनवर.’’ त्यांनी चष्मा काढला. ‘‘ज्ञानदेव, पोरगं गुणाचं हाय, मला काय ठावं न्हाई? माझ्या पोरीच्या लग्नात मांडवाचे खांब त्यानंच जोडले. पन तुमी इचार करा. आपन लिवलं, की ह्यो वेल्डर हाय, अन् पुस्तकात अकुशल लिवलंय ते चुकीचं हाय. सही माझी, अक्षर तुमचं. उद्या त्यो कागद हितल्या सरकारी हापिसात आला म्हंजी? एकाला वेल्डर म्हनलं की एकशेचाळीस उभे ऱ्हात्यात. समद्यांचा अकरा-अकरा वर्षांचा फरक काडा म्हनत्यात. मी तर बुडंनच, पन आधी तुमाला इचारत्याल, पुस्तक कुनी लिवलं?’’

‘‘मग त्याचं काय?’’

‘‘त्याचं काय? हितं येईल. आपन घेऊच की कामावर.’’

त्यांच्या आवाजात खोट नव्हती. ते मनापासून म्हणत होते, आणि तेच जास्त वाईट होतं.

धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं, अशी माझी गत झाली. मी सात दिवस मेल उघडायचो आणि बंद करायचो. माझा मुलगा आकुर्डीला डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षाला आहे. मी चौपन्न वर्षांचा. या वयात कोण दुसरी नोकरी देतं, आणि कशाची? अक्षराची? हे सगळं मी स्वतःला पुन्हा पुन्हा सांगितलं, आणि ते सगळं खरंही होतं. पण कारण ते नव्हतं. कारण एवढंच, की मी भ्यालो. दुसरा शब्द त्याला नाही.

आठव्या दिवशी मी उत्तर लिहिलं. ‘आमच्या रेकॉर्डप्रमाणे सदर व्यक्ती हेल्पर, अकुशल या श्रेणीत होती. अनुभवाचं पत्र सदर व्यक्तीच्या विनंतीवरून, सहानुभूतीपोटी देण्यात आलं होतं.’ सोबत हजेरीपुस्तकाच्या पानांचे फोटो जोडले. पहिलं वाक्य मारुतरावांनी सांगितलं होतं. दुसरं माझं. मारुतरावांची सही अडचणीत येऊ नये म्हणून घातलं. विनंतीवरून. त्यानं विनंती केली होती, हे खरंच. ‘जे हाय तेच लिहा,’ अशी केली होती.

संध्याकाळी योगिनी ऑफिसच्या दारात आली. आत आली नाही, चप्पल काढून उंबऱ्याशी उभी राहिली.

‘‘भाऊ, उत्तर धाडलं?’’

‘‘धाडलं.’’

‘‘काय लिहिलंत?’’

‘‘जे रेकॉर्डला आहे ते.’’

तिनं दोन्ही हात जोडले. ‘‘देव तुमचं भलं करो,’’ म्हणाली. ‘‘हे म्हणतच होते, भाऊ हायेत तोवर काळजी न्हाई.’’ तिनं पिशवीतून डबा काढला. गूळ-शेंगदाण्याचे लाडू होते. मी ते घेतले. नको म्हणालो असतो तर कारण सांगावं लागलं असतं.

कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ, ही म्हण शाळेत असताना मी फळ्यावर लिहिली होती. मास्तर म्हणाले होते, अक्षर सुंदर, आता अर्थ सांग. मी सांगितला होता, बरोबर.

नंतर फार काही घडलं नाही. वाईट गोष्टी घडायला वेळ लागत नाही. व्हिसा नाकारला. नुसता नाकारला नाही, तर खोटी माहिती दिल्याचा शेरा मारून नाकारला. म्हणजे तिथं पुन्हा अर्ज करायची सोय गेली, आणि दुसऱ्या कुठल्याही देशाच्या फॉर्मवर ‘कधी व्हिसा नाकारला होता का, का नाकारला?’ हा रकाना त्याला भरावा लागणार. वर्कशॉपच्या मालकानं धनेशला सांगितलं, मला माणूस आवडला होता, पण खोटे कागद देणारा मला चालत नाही. धनेशला त्यानंतर तिथं टँकर न्यायला लाज वाटायला लागली. हे सगळं मला योगिनीकडून कळत गेलं. समाधानचा फोन मला आला नाही. मीही केला नाही.

तो परत आला ते आईला घेऊनच. नातू चार महिन्यांचा सोडून सुमनताई निघाली, कारण लेकाला एकट्यानं परत पाठवायचं तिला धाडस झालं नाही. जाताना त्यानं आईला सोबत केली होती, येताना आईनं त्याला केली.

सोमवारी सकाळी नऊला तो ऑफिसात आला. बाहेर कंपनीच्या बसेस रांगेत उभ्या होत्या. त्यानं दाढी केली होती, शर्ट इस्त्रीचा होता. मी काय बोलावं हे ठरवून ठेवलं होतं, त्यातलं एक अक्षर आठवलं नाही.

‘‘ये. कसा आहेस?’’

तो बसला. ठरलेलं वाक्य म्हणाला नाही. मी वाट पाहिली. एवढी वर्षं त्या वाक्याची मला सवय झाली होती, ते आलं नाही तेव्हा खोलीत काहीतरी कमी आहे असं वाटलं.

त्यानं पिशवीतून एक घडी घातलेला कागद काढला आणि टेबलावर ठेवला. उघडला नाही.

‘‘व्हिसावाल्यांनी मला तुमच्या उत्तराची प्रत धाडली होती,’’ तो म्हणाला. ‘‘यावर काय म्हणणं हाय ते सांग म्हणले. इंग्रजी मला कळलं न्हाई, पिंकीनं वाचून दाखवलं. पण सोबत पुस्तकाच्या पानाचे फोटो होते. ते मी आपलं आपण वाचले.’’ त्यानं कागदाची घडी बोटानं दाबली. ‘‘अक्षर बघितलं अन् आईला म्हणलं, बघ, आपल्या गावचं हाय.’’

‘‘समाधान, मी...’’

‘‘फॉर्म काढा, भाऊ. बस सुटंल.’’

त्याच्या आवाजात राग नव्हता. आधीही कधी नसायचा, पण पूर्वी त्या जागी हसू असायचं. आता तिथं काही नव्हतं.

मी नवा फॉर्म काढला. सतरावा. नाव लिहिलं, गाव लिहिलं, आधारचा नंबर त्याच्याआधी मला पाठ होता. मग श्रेणीचा रकाना आला. काय झालं कोण जाणे, मी पेन उचलला आणि त्या रकान्यात ‘कुशल’ असं लिहिलं. ठळक, सगळ्यात चांगल्या अक्षरात. मारुतराव ओरडतील, काढून टाकतील, टाकू देत. असं त्या घटकेला मला खरंच वाटलं. जे वेळेवर लिहायला हवं होतं ते आता, काही उपयोग नसताना, लिहिलं.

फॉर्म त्याच्याकडं सहीसाठी फिरवला. त्यानं वाचला. त्या शब्दावर त्याची नजर थांबली. त्याच्या बोटांवर ठिणग्यांचे जुने डाग आहेत, ते तो अंगठ्यानं चोळत बसला.

‘‘हे कशाला, भाऊ?’’ तो शांतपणे म्हणाला. ‘‘दोन जागी दोन लिहिलं की माणूस खोटा पडतो. आता तिथल्या सरकारात लिहून ठेवलंय. एकच राहू द्या.’’

त्यानं माझ्या हातातून पेन घेतला. ‘कुशल’च्या आधी रकान्यात थोडी जागा उरली होती. तिथं त्यानं जपून एक ‘अ’ काढला. वेल्डिंगचा हात, रेष जराही हलली नाही. मग खाली सही केली आणि फॉर्म माझ्याकडं सरकवला.

‘‘शिफ्ट कोणती?’’ त्यानं विचारलं.